तू म्हणलीस तर असंलच माय

झोप येईना म्हणून लिहायला बसले. मी जिथं कामाला आहे त्या आमच्या शेतकरी कंपनीच्या डायरेक्टरांची मीटिंग तशी चांगली झाली, ताळेबंद मंजूर झाला, वार्षिक सभेची तारीख ठरली, चहा-चिवडा झाला आणि सगळे आपापल्या गाड्यांवर गेले, यावेळी बारदानावरून सुद्धा कुणी भांडलं नाही. तरी संध्याकाळपासून कसंतरीच होतंय.

आबा आमचे जुने डायरेक्टर. त्यांनी ताळेबंदाचा कागद लांब धरून वाचला, दोनदा वाचला, मग विचारलं, "सहा लाख चाळीस हजार नफा दिसलालाय इथं, आन बँकेत अडतीसच हजार. मग बाकीचा पैसा कुठाय?" सीए साहेब म्हणाले डेटर्स वाढलेत, क्लोजिंग स्टॉक आहे, वर्किंग कॅपिटलमध्ये ब्लॉक झालाय. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी तेच जरा मराठीत सांगितलं, येणी वाढलीत, शिल्लक माल आहे, भांडवल अडकलंय वगैरे. आबा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बरं. तू म्हणलीस तर असंलच माय." आणि सही केली.

ते "असंलच" काही केल्या जाईना डोक्यातून.

रागावून म्हणले असते तर बरं झालं असतं. "आम्हाला येड्यात काढू नका" असं एखादा डायरेक्टर म्हणतो तेव्हा मला बोलता येतं, मी पण चार शब्द सुनावते. पण हे विश्वासानं होतं. ज्या माणसानं सुरुवातीला घरोघर फिरून शेअर्सचे हजार-हजार रुपये गोळा केले, लोक म्हणत होते आबा हे पण बुडणार बघा, त्या माणसानं न समजलेल्या कागदावर सही केली, का, तर मी म्हणले म्हणून. आणि मला तरी कुठं पूर्ण समजलं होतं, येणी कशाला म्हणतात ते माहीत आहे, स्टॉक माहीत आहे, पण सहा चाळीसचे अडतीस हजार नेमके कुठून कुठं गेले हे कुणी विचारलं तर बोट ठेवून दाखवता आलं नसतं.

माझं शिक्षण सगळं पिकाचं. सोयाबीन बियाण्याची उगवण कमीत कमी 70 टक्के पाहिजे हे मला झोपेतून उठवून विचारा, ओल किती चालते, एमएयूएस 612 वाणाच्या शेंगा कितपत फुटतात, सगळं सांगते. पण बँकेचा माणूस येतो आणि करंट रेशो 1.33 च्या खाली गेलाय म्हणतो तेव्हा मी मान हलवते. जाहिरातीत कृषी पदवीधर पाहिजे एवढंच लिहिलं होतं. आणि काम काय, तर जीएसटी, ऑडिट, सीसीचं, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाचं रिन्यूअल, दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट, आणि हे सगळं करून पगार वेळेवर होतोच असं नाही. जूनचा पगार तर... जाऊ दे. आई म्हणते एमपीएससीचा अजून एक अटेम्प्ट दे. ते पण जाऊ दे. आज खरंच वाटलं की आपण चुकीच्या खुर्चीत बसवलेलं माणूस आहोत, खुर्ची अकाउंट्सवाल्याची आणि बसलीय शेतीवाली.

जेवणं झाल्यावर ताळेबंद आणि गेल्या वर्षीचा ताळेबंद शेजारी-शेजारी ठेवून बसले. आधी तर रडायलाच आलं. मग एक वही घेतली आणि ठरवलं की मोठे शब्द वापरायचेच नाहीत, फक्त खात्यात पैसा कधी आला आणि कधी गेला एवढंच बघायचं.

मागच्या वर्षी एप्रिलच्या 1 तारखेला खात्यात होते 2 लाख 10 हजार. वर्षाचा नफा 6 लाख 40 हजार. बरं, या नफ्यातून ग्रेडिंग मशिन आणि शेडचा घसारा, म्हणजे जुनं होण्याची घट, 2 लाख 30 हजार आधीच वजा झालाय, पण घसारा म्हणून खात्यातून एक रुपया कुणाला गेला नाही, मशिनचे पैसे आपण घेतलं तेव्हाच दिलेत. म्हणजे ते परत मिळवायचे, झाले 8 लाख 70 हजार. इथं मला पहिल्यांदा जरा धीर आला, पण पैसे तर वाढतच चालले, मग ते गेले कुठं.

आपलं सोयाबीन घेणाऱ्या प्लांटकडची येणी मागच्या मार्चपासून या मार्चपर्यंत 5 लाख 60 हजारांनी वाढलीत. माल गेला, बिल झालं, बिल झालं की नफ्यात धरलं, पैसे आले नाहीत. बियाण्यासाठी राखलेलं सोयाबीन गोडाऊनमध्ये होतं, तो स्टॉक 3 लाख 90 हजारांनी जास्त, शेतकऱ्यांना पैसे आपण दिवाळीनंतरच देऊन टाकलेत आणि ते बियाणं विकलं मार्चनंतर, जूनच्या पेरणीला. आणि कर्जाची मुद्दल 2 लाख 40 हजार फेडली. ही मुद्दल मला कधीच कळत नव्हती, नफा-तोट्याच्या पानावर फक्त व्याज दिसतं, मुद्दल तिथं येतच नाही, पण हप्ता तर खात्यातून पूर्ण कापला जातो ना! उलट बाजूला आपणच ज्यांचे पैसे द्यायचे राहिलेत, बारदानवाला आणि ट्रकवाले, ते 1 लाख 48 हजारांनी वाढले, म्हणजे तेवढे आपल्याकडं राहिले.

सगळं मांडलं. 38 हजार. बरोबर 38 हजार!

मोबाईलवर परत करून बघितलं, तेच. कुणाला उठवून सांगावं वाटलं पण घरात सगळे झोपलेले.

हेच पान सीएच्या फाईलीत का नाही म्हणून शोधलं, तर छोट्या कंपनीला कॅश फ्लो स्टेटमेंट, म्हणजे पैसा कुठून आला आणि कुठं गेला याचं पान, जोडणं कायद्यानं सक्तीचं नाही म्हणे. म्हणजे आबांच्या प्रश्नाचं उत्तर ज्या पानावर असतं तेच पान आमच्यासारख्यांना करायची गरज नाही असं ठरलंय. मला हे पटत नाही. मोठ्या कंपनीत अकाउंट्सची माणसं भरपूर असतात, इथं सोयाबीन विकून आलेल्या पैशातून शेअर घेतलेली माणसं सही करतात, त्यांना तर हे पान आधी दिलं पाहिजे.

हे सापडलं तरी "असंलच" तिथंच आहे. उद्या आबांना मी हे कसं सांगणार, परत शब्दच सांगणार का? आबांच्या घरात काय झालं होतं ते मग आठवलं. 2021 ला सोयाबीन क्विंटलला दहा हजाराच्या वर गेलं आणि पुढं दोन-तीन वर्षं अर्ध्या जिल्ह्यानं पोती घरात ठेवली, परत तो भाव येईल म्हणून. आबांची पण ओसरी भरलेली होती. हिशेबानं माल लाखाचा आणि दवाखान्याला पैसे लागले तर सोसायटीत जाऊन हात पसरायचा. आणि मग 2024 ला हमीभाव 4892 असताना बाजारात त्याच्याही बऱ्याच खाली विकावं लागलं. मालाची किंमत आणि हातातला पैसा यातलं अंतर आबांना कुणी शिकवायची गरज नाही, ते त्यांनी भोगलंय. आम्ही फक्त त्यांच्यासमोर ते डेटर्स आणि ब्लॉक म्हणून ठेवलं.

---

सकाळी पुढं लिहितेय.

आबांचाच फोन आला, बांधाकडच्या सोयाबीनवर पिवळा मोझॅक दिसलालाय, काय फवारू म्हणून. आधी रोगट झाडं उपटा, पांढरी माशी किती आहे बघते, दुपारी येते म्हणले. मग म्हणले आबा पाच मिनिटं आहेत का, आणि वहीतलं सगळं वाचून दाखवलं, ओसरीतल्या पोत्यांसकट. मुद्दल म्हणले की "हां, ते तर जातंयच की" म्हणाले. घसाऱ्याला थोडा वेळ लागला, मशिन जुनं होतंय ते दरवर्षी थोडं थोडं लिहून ठेवतात म्हणल्यावर म्हणाले, "म्हणजे बैल म्हातारा व्हलालाय ते मांडायचं, पण त्याचा पैसा आज द्यायचा नाही." बरोबर, अगदी तेच.

मला वाटलं आता म्हणतील शाब्बास. तर म्हणाले, "ते समदं खरं. पण आपुण शेतकऱ्याला तिसऱ्या दिवशी पैसे देतोय, आन त्या प्लांटवाल्याला दीड महिना कशापायी?"

फोन ठेवल्यावर हिशेब केला. दहा लाखाचा माल दिला, हमाली, बारदान, भाडं सगळं जाऊन आपल्याला राहतात दोन टक्के, वीस हजार. ते दहा लाख 45 दिवस अडकले आणि सीसीचं व्याज 12 टक्क्यांनी धरलं तर 14,800 च्या आसपास होतात. वीसमधले पंधरा हजार बँकेला. म्हणजे मजुरी आपली, जोखीम आपली आणि कमाई व्याजात. रेट कसा वाढवून घ्यायचा यावर आम्ही प्रत्येक सीझनला भांडतो, क्विंटलला वीस रुपये मिळाले तर पेढे वाटायचे बाकी ठेवतो, आणि दिवसांबद्दल आजपर्यंत कुणी तोंडच उघडलं नाही, कारण "असंच असतं" हे सगळ्यांना माहीत होतं. आबांना माहीत नव्हतं म्हणून त्यांनी विचारलं.

तो प्लांट ऐकेलच असं नाही, आपला माल त्यांना समुद्रात थेंब. दुसरे दोन आहेत, एक पंधरा दिवसांत देतो पण भाव थोडा कमी लावतो. किती कमी लावला तरी आपल्याला परवडतं ते आज रात्री काढते. दहा लाखावर 45 चे 15 दिवस झाले तर व्याज दहा हजाराच्या जवळपास वाचतं, म्हणजे एक टक्का भाव कमी आला तरी बरोबरीत आहोत. नव्या सीझनच्या आधी दोघांनाही भेटायचं, आणि भेटायला आबांना बरोबर न्यायचं.

दुपारी आधी मोझॅक.