सुखोई नंतर, आधी ट्रेनर

पहिलं आरसी, म्हणजे रिमोटने उडवायचं, विमान घेताना माझा एकच आग्रह असतो: ते हळू उडणारं, शिकण्यासाठीचं ट्रेनर हवं. पुण्यात लोहगावच्या हवाई दलाच्या तळावर १९९७ पासून सुखोई लढाऊ विमानं आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या मुलांना विमान म्हटलं की तेच हवं असतं. विमाननगरला राहणारा माझा भाचाही "मावशी, दोन शेपट्यांचंच घेऊ या ना" म्हणून मागे लागला होता. हौस मला कळते. तो आवाज कानावर आला की अजून माझीही मान वर जाते. पण लढाऊ विमानाच्या मॉडेलचा पंख वजनाच्या मानाने लहान असतो. हवेत टिकायला त्याला वेग लागतो, आणि शिकणाऱ्याला हवा असतो वेळ.

हा वेळ कशाला, ते सांगते. विमान आपल्यापासून लांब जात असतं तोवर सगळं सोपं वाटतं. ते वळून आपल्याकडे यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं. अशा वेळी जो पंख खाली झुकलाय, त्याच्याच बाजूला रिमोटची स्टिक ढकलायची. पंख वर येतो. ऐकायला दोन ओळी, पण विचार न करता हात तिकडे जाईपर्यंत हे मुरावं लागतं. पंधरवडाभर संगणकावर सिम्युलेटर केलात तर फार फरक पडतो.

म्हणून दुकानात आधी पंख बघा. तो विमानाच्या पाठीवर असावा आणि समोरून पाहताना त्याची दोन्ही टोकं किंचित वर उचललेली दिसावीत. याला डायहेड्रल म्हणतात. विमान एका अंगाला कललं की त्याच बाजूला घसरू लागतं. मग खालच्या पंखाला जास्त उचल मिळते आणि विमान स्वतःच सरळ व्हायला लागतं. जायरो, म्हणजे विमान आपोआप स्थिर ठेवणारा सेन्सर, असलेली मॉडेल्स मिळतात, घ्यायला हरकत नाही, पण मला मुळात सावरणारा पंख हवा. पंखाची लांबी मीटर-सव्वा मीटर असली तर लांबूनही विमान कसं कललंय ते कळतं. फार छोटं विमान वाऱ्यावर हेलकावत राहतं.

एकट्याने शिकणार असाल तर तीन चॅनेल, म्हणजे रिमोटवरून देता येणारी तीन वेगळी नियंत्रणं, पुरतात: थ्रॉटल (मोटरचा वेग), एलिव्हेटर (नाक वर-खाली) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे). डायहेड्रलमुळे रडर दिला की विमान कलतं आणि वळतं. शेजारी जाणकार उभा राहणार असेल, तर चार चॅनेलचं, म्हणजे पंख थेट कलवणारे एलेरॉनही असलेलं, खुशाल घ्या.

साहित्य फोमचंच. बाल्सा लाकडाचं विमान सुंदर असतं, पण ते नंतर. ईपीओ हा चिवट फोम तुटला तरी मैदानातच चिकटवता येतो. साध्या थर्माकोलच्या मॉडेलला मात्र नेहमीचं झटपट चिकटणारं सुपरग्लू लावू नका, थर्माकोल विरघळतं. मोटर आणि पंखा मागे असलेलं मॉडेल मिळालं तर उत्तम; नाकावर उतरलं तरी पंखा वाचतो.

पैसे थोडे जास्त घालायचेच असतील, तर रिमोटमध्ये घाला. विमानं बदलतील, रिमोट राहील. मोड २ घ्या, म्हणजे थ्रॉटल डाव्या हाताला. आपल्याकडे बहुतेकांकडे तोच असतो, त्यामुळे शिकवणाऱ्याला तुमचा रिमोट पटकन हातात घेता येतो. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीला बॅलन्स चार्जर, म्हणजे प्रत्येक सेल सारखा चार्ज करणारा, हवा, आणि चार्जिंग चालू असताना घरातून बाहेर पडायचं नाही. एका सेलला पूर्ण चार्जवर ४.२ व्होल्ट; उडवायचं नसेल तेव्हा ३.८ च्या आसपास ठेवा. एप्रिलच्या उन्हात गाडीत तर कधीच विसरू नका.

आता जागा. पुण्यात मोकळं मैदान दिसलं म्हणून उडवता येत नाही. लोहगावचा तळ आहे, खडकवासल्याला एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), खडकी आणि देहूरोडला लष्करी भाग. घराबाहेर पडण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा कोणत्या झोनमध्ये येते ते पाहा. ग्रीन झोनमध्येही मर्यादा ४०० फुटांची, विमानतळाच्या ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांची. आणि सुरुवात हिवाळ्यातल्या सकाळी करा. मे महिन्यात दुपार कलली की पश्चिमेचा वारा असा सुटतो, की हळू उडणारं ट्रेनर पुढे जायचं सोडून जागच्या जागी तरंगत राहतं.