आठ पाउंडांची चिठ्ठी

पुण्याहून किंवा सांगलीहून इंग्लंडला पार्सल पाठवताना आपल्याकडची मंडळी वजनाचा आणि टपालखर्चाचा हिशेब अगदी काटेकोरपणे करतात. मात्र पार्सलावर लावायच्या कस्टम्सच्या फॉर्मकडे बहुतेकांचे लक्ष नसते. तो फॉर्म काउंटरवरच्या माणसाने घाईघाईने भरावा आणि आपण सही करून मोकळे व्हावे, अशीच रीत पडली आहे. इथे इंग्लंडमध्ये आम्हाला पैसे भरावे लागतात ते पुष्कळदा त्या फॉर्मवरच्या दोन-तीन ओळींमुळे, म्हणून ही व्यवस्था जरा सविस्तर सांगतो.

भारतातून टपालाने येणारी पाकिटे हीथ्रो विमानतळाजवळच्या लँगली येथील रॉयल मेल या इथल्या टपालसेवेच्या केंद्रात येतात, तर मोठी पार्सले साधारणपणे कॉव्हेंट्रीला जातात. मी स्लाउमध्ये राहतो, त्यामुळे लँगली माझ्या घराच्या अगदी जवळ आहे. पण पार्सल तिथे अडकले तर या शेजाराचा काडीचाही उपयोग होत नाही. तिथे ब्रिटनच्या बॉर्डर फोर्सचे, म्हणजे बाहेरून येणारा माल तपासणाऱ्या खात्याचे, अधिकारी फॉर्म वाचून कर लावायचा की नाही ते ठरवतात. कर लागला तर पार्सल दारात येत नाही. दाराच्या फटीतून एक करड्या रंगाचे कार्ड आत पडते. त्यावर भरायची रक्कम आणि एक क्रमांक असतो. तो क्रमांक संकेतस्थळावर टाकून पैसे भरले की मगच पार्सल घरी येते, आणि ठरलेल्या मुदतीत पैसे भरले नाहीत तर ते पाठवणाऱ्याकडे परत जाते.

त्या कार्डावरची रक्कम दोन भागांची असते. पहिला भाग सरकारचा, म्हणजे सर्वसाधारण वस्तूंवर २० टक्के व्हॅट आणि वस्तू १३५ पाउंडांहून महाग असेल तर त्याखेरीज आयातशुल्क. दुसरा भाग रॉयल मेलचा, म्हणजे सरकारच्या वतीने कर गोळा केल्याबद्दलचे आठ पाउंड. कर दीड पाउंड असो वा पंधरा, हे आठ पाउंड ठरलेलेच. कराबद्दल माझी तक्रार नाही, कारण दुकानात तीच वस्तू घेतली असती तरी तो भरावा लागलाच असता. पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हा प्रकार मात्र मनाला पटत नाही. खासगी कुरिअर कंपन्यांची तऱ्हा आणखी वेगळी आहे. त्या अनेकदा कर स्वतः आधी भरून टाकतात आणि त्यापोटी एक किमान रक्कम किंवा भरलेल्या कराचे काही टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते आकारतात. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला पार्सल मिळून त्यातला चिवडा संपल्यानंतर अशा एका कंपनीचे बिल टपालाने आले, आणि त्यात कराहून शुल्काचाच आकडा मोठा होता.

यातून सुटण्याचा सरळ आणि कायदेशीर मार्ग म्हणजे भेटवस्तूंची सवलत. एका खासगी व्यक्तीने दुसऱ्या खासगी व्यक्तीला वाढदिवस किंवा सणासारख्या निमित्ताने पाठवलेली, ३९ पाउंडांपर्यंतच्या किमतीची भेट करमुक्त असते. रुपयांत ही रक्कम साधारण साडेचार ते पाच हजारांच्या दरम्यान जाते. मात्र पाउंडाचा भाव हलता असल्याने अगदी काठावर न राहिलेले बरे. मर्यादा ओलांडली तर केवळ वरच्या रकमेवर नव्हे, तर सगळ्या किमतीवर कर लागतो. म्हणजे ३८ पाउंडांच्या भेटीवर काहीच नाही, आणि ४२ पाउंडांच्या भेटीवर आठ पाउंड ४० पेन्स व्हॅट, टपालखर्चावरचा कर वेगळा, शिवाय हाताळणीचे आठ पाउंड. चार पाउंडांच्या जास्तीच्या भेटीसाठी सोळा-सतरा पाउंड मोजणे कोणालाच परवडणारे नाही. एकाच खोक्यात घरातल्या चौघांसाठी भेटी असतील, तर प्रत्येक भेट वेगळी गुंडाळून तिच्यावर नाव लिहावे आणि फॉर्मवरही ती किमतीसह स्वतंत्र नोंदवावी. मग ३९ पाउंडांची मर्यादा प्रत्येक व्यक्तीला वेगळी धरली जाते.

आता त्या फॉर्मविषयी. ‘गिफ्ट’ या चौकटीत खूण हवी, आणि वर्णन नेमके हवे. ‘पर्सनल आयटम्स’ किंवा ‘खाण्याचे पदार्थ’ असे मोघम लिहिले की अधिकाऱ्याला खोके उघडण्यावाचून पर्याय राहत नाही. ‘सुती कुर्ता, एक, ९०० रुपये’ हे वर्णन पुरेसे आहे. किंमत खरी लिहावी. महागडी वस्तू शंभर रुपयांची दाखवणे हा खोटेपणा तर आहेच, पण पार्सल हरवले तर भरपाईही तेवढीच मिळते. याउलट काही ठिकाणी वडीलधारी मंडळी विम्याच्या विचाराने किंमत फुगवतात. एका स्नेह्यांच्या आईंनी स्वतःची नेसलेली जुनी पैठणी सुनेला पाठवताना नव्या पैठणीची किंमत लिहिली, आणि सुनेला सासूबाईंच्याच साडीवर कर भरावा लागला. अशा वेळी बीओआर २८६ हा फॉर्म भरून फेरविचार मागता येतो, पण त्यासाठी पार्सलावरचे कराचे लेबल आणि मूळ कस्टम्स फॉर्म लागतो. आपल्याकडे पार्सल आले की वेष्टन फाडून टाकायची घाई असते, ती आवरावी.

दिवाळी अंक पाठवणाऱ्यांना मात्र निर्धास्त राहता येईल, कारण ब्रिटनमध्ये छापील पुस्तके आणि मासिके यांच्यावर व्हॅटचा दर शून्य आहे. तरीही ते फराळाच्या खोक्यात न भरता वेगळ्या पाकिटात पाठवावेत, म्हणजे खोक्याची एकूण किंमत फुगत नाही. फराळाचे नियम कराच्या पलीकडचे आहेत. मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातून टपालाने आणण्यास बंदी आहे. पेढे, खवा, साजूक तूप सापडले तर ते जप्त होते. गंमत अशी की लाडू, बर्फी, जिलेबी यांना इथले व्हॅट खाते केकच्या पंगतीत बसवून शून्य दर लावते आणि चॉकलेटवर मात्र २० टक्के घेते; पण बर्फीतल्या दुधाची अडचण तेवढ्याने सुटत नाही.

आपण स्वतः भारतातल्या दुकानातून मागवलेल्या वस्तूंना भेटीची सवलत नाही. १ जानेवारी २०२१ पासून १३५ पाउंडांपर्यंतच्या मालावरचा व्हॅट विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच घ्यायचा असतो. त्याआधी १५ पाउंडांपर्यंतच्या मालाला जी माफी होती, ती तेव्हाच संपली. मोठी संकेतस्थळे हे व्यवस्थित करतात, म्हणून तिथे किंमत थोडी जास्त दिसली तरी दारात काही भरावे लागत नाही. हस्तकलेचे किंवा घरगुती मसाल्यांचे छोटे व्यावसायिक मात्र या भानगडीत पडत नाहीत, आणि मग करपात्र मालावर तोच कर आठ पाउंडांसह आमच्याकडून वसूल होतो. १३५ पाउंडांखालच्या मालाला आयातशुल्कातून असलेली सूटही उशिरात उशिरा मार्च २०२९ पर्यंत काढून टाकण्याचे ब्रिटिश सरकारने जाहीर केले आहे.

उलट दिशेचा नियम तर याहून कडक आहे. भारताने डिसेंबर २०१९ मध्ये टपाल-कुरिअरने ‘भेट’ म्हणून येणाऱ्या वस्तूंना सवलतीत सोडवून घेणे बंद केले. अपवाद फक्त जीवनरक्षक औषधे आणि राखी यांचा. त्यामुळे इथून खोके पाठवले की आपल्याकडे पोस्टमन शुल्क मागतो आणि मावशींना वाटते, भाच्याने भेट पाठवली की बिल. भाचरांच्या वाढदिवसाला मी आता भारतातल्याच संकेतस्थळावरून वस्तू मागवून पुण्याचा पत्ता देतो. खोक्यावर माझे अक्षर नसते ही मावशींची तक्रार आहे, आणि ती रास्तच आहे.