तीन ग्लास आणि एक ताट

आमच्या वाइन मंडळाच्या वार्षिक जेवणाचा पहिला वाद वाइनवरून कधीच झाला नाही. तो व्हायचा तारखेवरून. जेवण जानेवारीत, एवढं ठरलेलं. 26 आणि 30 जानेवारी ड्राय डे, ते गेले. सोमवार, गुरुवार, शनिवार हे वार कोल्हापुरात मटणाच्या बाबतीत नसल्यासारखेच. मंगळवारी कुणाचा गणपती, शुक्रवारी कुणाची अंबाबाई. संकष्टी, एकादशी आणखी वेगळ्या. रविवारी दुपारी घरोघरी मटण शिजलेलं असतं, त्यामुळं रात्री पुन्हा त्यालाच बसायचं म्हटलं की घरातून डोळे वटारले जायचे. उरला बुधवार. त्याला व्यापारी सभासदांचा विरोध, कारण गुरुवारी सकाळी दुकान उघडायचं. हा विरोध दरवर्षी इतिवृत्तात रीतसर नोंदवला जायचा आणि जेवण बुधवारीच व्हायचं.

मंडळात सगळी सरमिसळ होती. दोन-तीन डॉक्टर, वकील, उद्यमनगरातले फौंड्रीवाले आणि साखर कारखान्यातले एक निवृत्त केमिस्ट. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, आणि किण्वन हे आयुष्यभराचं काम असल्यामुळं केमिस्टसाहेबांचा शब्द शेवटचा. मंडळ निघायच्या आधी आमच्याकडं वाइन म्हणजे गोव्याहून येताना आणलेली गोड पोर्ट, आजारपणानंतर अंगात रक्त भरायला घ्यायची. 2001 साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, नाशिककडं विंचूरला आणि आमच्या शेजारी पलूसला वाइन पार्क काढले, नाशिकच्या बाटल्या शाहूपुरीतल्या दुकानांतून दिसायला लागल्या, आणि ही मंडळी एकत्र आली.

निमंत्रणपत्रिकेवर छापलेलं असायचं, 'पोशाख : औपचारिक'. म्हणजे वर जोधपुरी कोट आणि पायात करकर वाजणारी कापशी चप्पल. बायका साज घालून यायच्या. टेबलावर पांढरी चादर, प्रत्येकाच्या नावाचं कार्ड, आणि प्रवेशाजवळ एक्साइजचा एक दिवसाचा परवाना फ्रेम करून लावलेला. एकदा पहिला ग्लास वर करताना एका उत्साही गड्यानं "चांगभलं" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आबांनी, म्हणजे आमच्या अध्यक्षांनी, त्याला खाली बसवलं. "देवाचं नाव हितं नको. चिअर्स म्हण आणि गप पी."

सुरुवातीला जेवण 'तिकडच्या' पद्धतीचं असायचं. क्रीमचं सूप, लिंबू पिळलेला मासा, मशरूम घातलेली कोंबडी, एकेक पदार्थ आणि त्याच्या जोडीला एकेक वाइन. आधी पांढरी, मग लाल. आधी हलकी, मग भारी. गोड सगळ्यात शेवटी. दहा जणांचं टेबल, एक बाटली 750 मिलीची, म्हणजे माणशी बरोब्बर 75 मिली. हिशेब बिनचूक होता, फक्त जेवण मचूळ होतं. घरी जाऊन खर्डा-भाकरी खाणारे किती, हे कुणी उघड सांगितलं नाही, पण दुसऱ्या वर्षीच्या सभेत पहिला ठराव आला तो रश्श्याचा.

पांढऱ्या रश्श्यानं काही त्रास दिला नाही. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू, वर मिरीचा हलका ठसका. तो छोट्या कपात सूप म्हणून आला आणि त्याच्यासोबत लाकडी पिंपात न मुरवलेली शार्डने ही पांढरी वाइन. नारळाच्या दुधानं जिभेवर बसलेला साय-साय थर वाइनच्या आंबटपणानं साफ निघायचा आणि पुढचा घोट नव्यानं लागायचा. जोडी जमणं म्हणजे काय, ते मला त्या कपात कळलं.

तांबड्यानं मात्र सगळ्यांना रडवलं. लाल रस्सा, लाल मांस, म्हणून लाल वाइन, असा सरळ हिशेब पुण्याहून बोलावलेल्या एका जाणकारांनी मांडला होता. साडेतेरा-चौदा टक्क्यांची दणकट शिराझ. संकेश्वरी मिरचीचा कट वर तरंगणारा रस्सा भुरकून लोकांनी तिचा घोट घेतला, आणि टेबलाटेबलावर खोकल्याची साथ आली. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, आणि कच्चं जांभूळ चावल्यावर तोंडाला मिठी बसते तसा शिराझचा तुरटपणा त्या भाजलेल्या जिभेवर जाऊन बसला. पाहुण्यांनी रुमालानं डोळे पुसत सुचवलं, की पुढच्या वेळी रस्सा जरा सौम्य ठेवा. सभागृहात एकदम शांतता. मग मटणाची जबाबदारी सांभाळणाऱ्या काकींनी अगदी अदबीनं सांगितलं, "रस्सा हाय तसाच राहील. तुमची वाइन बदला."

मंडळाची घटना त्या दिवशी लिहिली गेली असं मी मानतो. पुढच्या वर्षी तांबड्याला किंचित गोडसर, पांढरी शेनिन ब्लांक आली, चांगली गार करून. गारवा आणि गोडवा दोन्ही आगीवर बसले. शिराझ वाया गेली नाही. ती सुक्या मटणाकडं सरकवली. तिथं खोबरं, कांदा-लसूण मसाला आणि चरबी असते, पातळ तिखट नसतं. तिथं तिचा तुरटपणा मटणाला सोसतो, किंबहुना शोभतो.

पण एक अडचण राहिलीच होती. कोल्हापूरच्या माणसाला एकेक पदार्थ वाट बघत खायची सवय नाही. त्याला ताट लागतं. सुकं मटण मधे, दोन्ही रश्श्यांच्या वाट्या बाजूला, कांदा-लिंबू, भाकरी, आणि घासाघासाला आपल्या मर्जीनं हात फिरणार. तांबडं जास्त झालं की पांढऱ्यावर यायचं, हे इथं पोरांनाही शिकवावं लागत नाही. मग नुसताच कप समोर ठेवून वाढपी गायब झाला की मागून आवाज यायचा, "ओ, भाकरी कवा येणार?" अखेर केमिस्टसाहेबांनी तोडगा काढला. ताट एकदमच वाढायचं आणि त्याच्या वरच्या बाजूला तीन ग्लास ओळीनं, तिन्ही भरलेले. ज्यानं त्यानं आपल्या घासाप्रमाणं ग्लास उचलावा. आधी पांढरी मग लाल हा नियम त्या रात्री मोडला, आणि जेवण पहिल्यांदा जेवणासारखं झालं. जाणकार मंडळी अजूनही नाकं मुरडतात. त्यांनी खुशाल मुरडावीत. मी नंतर बड्या हॉटेलांतली सात-सात पदार्थांची जेवणं जेवलोय, पण हात आखडून बसायला लावणारं जेवण मला आवडत नाही.

शाकाहारी टेबल आधी कोपऱ्यात असायचं, दयेवर चाललेलं. पण अख्खा मसूर आणि भरली वांगी यांच्याबरोबर अकलूजकडची सांजोवेझे ही लाल वाइन ठेवल्यापासून त्या टेबलावर मटणवाल्यांची ये-जा वाढली.

वाइन गार करण्याचं काम तांब्याच्या घंगाळाचं. बर्फाची लादी पोत्यात घालून फोडायची, घंगाळात बर्फाबरोबर पाणी आणि मूठभर मीठ टाकायचं, म्हणजे बाटली नुसत्या बर्फापेक्षा लवकर थंड होते. लाल वाइनही पंधरा-वीस मिनिटं त्यातच. यावर नव्या सभासदाचा दरवर्षी ठरलेला आक्षेप : लाल तर खोलीच्या तापमानाला पितात ना? त्यावर केमिस्टसाहेबांचं ठरलेलं उत्तर : "खोली कुणाची? युरोपातल्यांची 16-18 अंशांची. आपल्या हॉलात दीडशे माणसं, वर हॅलोजन. हात लावून बघा बाटलीला."

जेवणाआधी एक भाषण असायचं, आणि बहुतेक भाषणं विसरण्यासारखी होती. एक मात्र लक्षात आहे. तासगावकडचे एक बागायतदार आले होते. ते म्हणाले, तुम्ही आमची द्राक्षं खाता ती वाइनच्या कामाची नाहीत. तास-ए-गणेश जातीच्या घडाला आम्ही जीएमध्ये, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यात, बुडवून मणी फुगवतो, साल पातळ, बी नाही, गिऱ्हाइकाला तेच हवं असतं. वाइनवाल्याला नेमकं उलटं पाहिजे. मणी बारीक, साल जाड, बी असलेलं, कारण लाल रंग आणि तुरटपणा गरात नसतो, सालीत आणि बियांत असतो. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळ्यानंतरची फळछाटणी, मग एका अवकाळी पावसानं सगळं कसं जातं, तेही सांगितलं. आठ-दहा मिनिटं बोलले असतील. नंतर त्यांना ग्लास दिला तर म्हणाले, "मी घेत नाही. पांढरा द्या अजून."

गोडाला पहिल्यांदा नरसोबाच्या वाडीची बासुंदी ठेवली होती. तिच्यापुढं उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन आंबट लागायला लागली. गोडाबरोबरची वाइन त्या गोडापेक्षा गोड हवी, हा जुना नियम तेवढा कोल्हापुरातही खरा ठरला. मग वाडीचीच कवठाची बर्फी आणली. तिला आंबट अंग असतं, ती जमली.

2019 च्या महापुरानंतरच्या जानेवारीत कार्ड, फुलं, बँड सगळं रद्द करून ते पैसे शिरोळकडं पाठवले आणि सतरंजीवर पंगत मांडली. ताटं तीच, ग्लास तेच. त्यानंतर कोरोनात खंड पडला. आता पुन्हा टेबलं आली आहेत, जोधपुरी थोडे घट्ट झालेत.

शेवटचा विधी म्हणजे डबे. भारी कोट घातलेला माणूस भटारखान्याच्या दाराशी स्टीलचा डबा घेऊन उभा असतो आणि काकी उरलेला रस्सा सगळ्यांना सारखा वाटून देतात. वाइन सहसा उरत नाही. पण बुचामुळं एखादी बाटली बिघडते, तिला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, म्हणून प्रत्येक प्रकारच्या दोन बाटल्या जादा आणलेल्या असतात. हल्ली बहुतेक बाटल्यांना फिरकीची झाकणं आहेत, त्यामुळं बिघडायचा प्रश्न जवळपास संपलाय. जादा बाटल्या मात्र अजून येतात, आणि जेवणानंतर चिटणीसांच्या गाडीच्या डिकीत जातात. हिशेबाच्या वहीत त्या 'खराब निघाल्या' अशा लिहिलेल्या असतात.