तुम्ही विचारलंत म्हणून: कमकुवत अल्गोरिदम काढून का टाकत नाही?

लातूर-नांदेडकडच्या कॉलेजांत बोलायला गेलं की हा प्रश्न येतोच. "सर, आरसी२, आरसी४, डीईएस कमकुवत आहेत हे तुम्हीच सांगता. मग ओपनएसएसएलमधून ते काढून का टाकत नाहीत?"

आरसी२, आरसी४, डीईएस ही माहिती एन्क्रिप्ट करायच्या, म्हणजे कुलूपबंद करायच्या, जुन्या पद्धतींची नावं. ओपनएसएसएल ही असं काम करणारी, इतर प्रोग्रॅम वापरतात ती तयार कोडची लायब्ररी. अशा लायब्ररींच्या चाचण्या मी लिहितो, म्हणून सांगतो. कोड काढणं सोपं आहे. २०२१ मध्ये ओपनएसएसएल ३.० आलं, तेव्हा हे अल्गोरिदम 'लेगसी प्रोव्हायडर' या वेगळ्या कप्प्यात गेले. तो मुद्दाम सुरू केल्याशिवाय चालत नाही. लगेच लोकांच्या जुन्या पीएफएक्स फाइल उघडेनाशा झाल्या. या फाइलमध्ये सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्र) आणि त्याची खाजगी, म्हणजे गुप्त, किल्ली पासवर्ड लावून एकत्र ठेवतात, आणि जुनी सॉफ्टवेअरं त्यातलं सर्टिफिकेट ४० बिटांच्या आरसी२ने एन्क्रिप्ट करायची. पासवर्ड बरोबर, फाइल शाबूत, तरी मालकालाच आत जाता येईना. लेगसी पर्याय दिला की तीच फाइल उघडते.

हा पर्याय राहिलाच पाहिजे, असं मी भांडून सांगतो. पण वाचण्यापुरता. नवी फाइल आता आपोआप एईएस-२५६ या मजबूत पद्धतीनेच बनते, आणि तेच योग्य आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना आपल्याकडे निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद वाचणारे लागलेच की! पण म्हणून काही आज कोणी खरेदीखत मोडीत लिहीत नाही.

डिजिटल सही तपासताना मात्र मी तसूभर सूट देत नाही. आरएसए या पद्धतीच्या सहीच्या एका जुन्या मानकात हॅशनंतर (हॅश म्हणजे मजकुराचा छोटा गणिती ठसा) एकही जादा बाइट चालत नाही. काही लायब्ररी हे नीट तपासत नव्हत्या, ओपनएसएसएलसुद्धा. सार्वजनिक घातांक (सही तपासायच्या किल्लीतला एक आकडा) ३ असेल, तर तेवढ्या ढिलाईवर खाजगी किल्लीशिवाय खोटी सही बनवता येते, हे क्रिप्टोग्राफर डॅनियल ब्लायखेनबाखर यांनी २००६ मध्ये दाखवलं. "आमच्या सर्व्हरची सही जराशी चुकते, चालवून घ्या ना," असं कोणी म्हटलं की मला हेच आठवतं. सर्व्हर दुरुस्त करा, एवढंच उत्तर मी देतो. जुनी फाइल वाचू दिल्याने तिचा मालक सुटतो. चुकीची सही मान्य केली तर भलताच माणूस आत येतो.

तुमच्याकडे जुनी पीएफएक्स असेल, तर लेगसी पर्यायाने एकदा उघडा आणि नव्या पद्धतीने पुन्हा साठवा. जुनी मात्र लगेच खोडू नका. काही जुन्या विंडोजना नवी फाइल घेता येत नाही, तेव्हा ती जिथे वापरायची त्या मशीनवर आधी घालून पाहा.