आजीची बाळंतपणं घरीच झाली, मग आता दवाखाना कशाला?

डोहाळजेवणाच्या पंगतीत हा प्रश्न कुणीतरी विचारतंच: "आजीला आठ मुलं घरीच झाली, काही बिघडलं नाही. मग आता दवाखान्याचं एवढं काय?"

आठ झाली हे सगळ्यांना पाठ असतं. त्यातली दोन जन्मानंतर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान गेली, हे आजीलाच आठवत असतं. दोन दिवस छान अंगावर पिणाऱ्या बाळाचा जबडा आवळायचा, पिणं थांबायचं, अंग ताठायचं. सटवीचा कोप म्हणत. इळ्याने कापलेल्या, राख लावलेल्या नाळेतून झालेला तो धनुर्वात होता. पण खरं सांगायचं तर तो टाळायला दवाखान्याची इमारत लागली नाही. गरोदरपणातली इंजेक्शनं, नवं ब्लेड, उकळलेला दोरा आणि कोरडी ठेवलेली नाळ यांनी घरच्या बाळंतपणातही तो टळत होता. 2015 मध्ये भारतातून बाळ-बाळंतिणीच्या धनुर्वाताचं निर्मूलन झालं, त्यात या साध्या गोष्टींचा वाटा मोठा. तेव्हा सगळा दोष घराला देऊ नका.

माझा हट्ट आहे तो बाळ बाहेर आल्यानंतरच्या अर्ध्या तासासाठी.

दिवस भरल्यावर गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त फिरतं. वार सुटली की स्नायू आवळून त्या रक्तवाहिन्या बंद करतात. गर्भाशयाची ही पिशवी सैल राहिली, तर रक्त वाहतच राहतं. घरी ते गोधडीत मुरतं, किती गेलं ते कळत नाही. वार पडेना म्हणून नाळ ओढली, तर ती तुटते किंवा पिशवीच उलटून बाहेर येते.

दवाखान्यात पोटात दुसरं बाळ नाही हे हाताने पाहून पहिल्याच मिनिटात मांडीत ऑक्सिटोसिन या गर्भाशय आवळणाऱ्या इंजेक्शनची 10 युनिट्स देतात. एका हाताने ओटीपोटावरून पिशवी वर धरून दुसऱ्याने नाळ हलकी, सलग ओढायची. वार ताटात पसरून अख्खी आली का पाहायचं, तुकडा आत राहिला तर रक्त थांबत नाही. मग दोन तास, दर पंधरा मिनिटांनी, बेंबीखाली हात: पिशवी नारळासारखी घट्ट हवी. सैल लागली तर चोळायची, लघवीची पिशवी रिकामी करायची (भरलेली असली की गर्भाशय आवळत नाही), सलाईन लावायचं, रक्त मागवायचं. ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. फ्रीज बंद पडलेल्या दवाखान्यात ती कुपी भरवशाची नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 2005-06 मध्ये शंभरातली पासष्ट बाळंतपणं दवाखान्यात व्हायची, 2019-21 मध्ये पंचाण्णव. हा बदल मला हवाच होता. पण मी सुईणींना "तुम्ही हात लावू नका" एवढंच शिकवत राहिले, ते चुकलं. सुईण रात्रभर कंबर चोळायची, उकिडवं बसू द्यायची, पेज पाजायची. अनेक दवाखान्यांत आजही बाईला उताणी झोपवतात, तिच्या आईला दाराबाहेर ठेवतात, घाई झाली की पोटावर दाब देतात. 2019-21 च्या त्याच पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत शंभरात सत्तेचाळीस सिझेरियन निघाली. इतकी गरज नसते, हे आम्हा दवाखान्यातल्यांनाही माहीत आहे.

मग घरीच का नको? त्या अर्ध्या तासामुळे नको. आणि तरीही मेळघाटात, धडगावात पावसाळ्यात नाला भरला की बाई घरीच बाळंत होते. माहेरघरात, म्हणजे दवाखान्याजवळच्या गरोदर बायांच्या मुक्कामाच्या जागी, आधी येऊन राहा म्हणावं, तर मागची पोरं कुणापाशी ठेवायची, असं ती विचारते. तिथे शेवटी हात सुईणीचाच लागतो, आणि नवीन सुईणी आपण तयार केल्या नाहीत.