थ्रॉटलच्या सर्व्होला ताकद लागते किती?

एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवतो, त्यामुळे इंजिनाच्या तक्रारी रोजच्याच. पण वायुसैनिक कॅम्पच्या सरावातली एक केस मी प्रत्येक नव्या बॅचला सांगतो.

हाय-विंग ट्रेनर, म्हणजे पंख वर असलेलं, रेडिओने उडवायचं शिकाऊ मॉडेल विमान. त्यावर ४६ साइझचं, साधारण साडेसात सीसीचं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन. आयडल, म्हणजे कमीत कमी स्थिर वेग, धरेना. ट्रान्समीटरवरची थ्रॉटलची स्टिक पूर्ण खाली घेतली की कधी इंजिन बंद पडायचं, तर कधी आरपीएम उतरायचाच नाही. असं विमान लँडिंगला आणलं तर ते धावपट्टीवरून तरंगत पुढे निघून जातं. कॅडेटने इंधन कमी-जास्त करणारी नीडल लावून पाहिली, प्लग बदलला, टाकीतला क्लंक, म्हणजे इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाचं वजनही तपासलं. शेवटी म्हणाली, "सर, कार्ब्युरेटरच बदलूया."

इंजिन बंद, रिसीव्हर चालू ठेवून मी सर्व्होचा, म्हणजे रेडिओच्या इशाऱ्यावर थ्रॉटल फिरवणाऱ्या छोट्या मोटरचा, आर्म चिमटीत धरून हलवला. अर्ध्या थ्रॉटलला घट्ट, आयडलला मात्र चक्क ढिला. शिवाय तिथे सर्व्हो सतत गुणगुणत होता. बॅरल, म्हणजे कार्ब्युरेटरमधली हवा कमी-जास्त करणारी फिरती झडप, स्टॉपला टेकल्यावरही तो ढकलतच होता. उघडला, तर प्लॅस्टिकच्या शेवटच्या गिअरचे नेमके तिथलेच दात टोकाला चेपले होते.

सर्व्हो ९ ग्रॅमचा, डबल टेपने फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन बसवलेल्या पुढच्या फळीच्या, मागेच चिकटवलेला, आणि कार्ब्युरेटरपर्यंत सरळ ताठ तार. टू-स्ट्रोक इंजिन १२,००० आरपीएमला सेकंदाला २०० वेळा पेटतं. ते सगळे हादरे तारेतून थेट त्या बारीक दातांवर येत होते.

तिने लगेच विचारलं, "मग जास्त टॉर्कचा घेऊ?" तेव्हा मी छोटा स्प्रिंगकाटा थ्रॉटल आर्मला लावून ओढायला सांगितलं. पाव किलोसुद्धा भरलं नाही. ९ ग्रॅमचे साधे सर्व्होही ४.८ व्होल्टला दीड-पावणेदोन किलो-सेंटिमीटर देतात, म्हणजे ताकद गरजेपेक्षा कितीतरी जास्त होती. थ्रॉटलला हवा असतो हादरे सोसून दर वेळी त्याच जागी परत येणारा सर्व्हो. कॅटलॉगमध्ये टॉर्क मोठ्या अक्षरांत छापतात म्हणून मुलं तोच बघतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. मेटल गिअरही सरसकट उत्तर नव्हे. मायक्रो साइझमध्ये तेही घासून ढिले होतात.

आम्ही नायलॉन गिअरचा, ३७ ग्रॅमचा स्टँडर्ड सर्व्हो घेतला. या आकाराच्या ट्रेनरला तेवढं वजन जाणवत नाही. तो टाकीच्या मागे सरकवला, रबर ग्रोमेट घालून स्क्रूने बसवला. ग्रोमेटमधल्या पितळी आयलेटची कड लाकडाच्या बाजूला हवी, नाहीतर स्क्रू आवळताना ती लाकडात रुतते आणि रबर दबून निकामी होतं. ताठ तारेऐवजी नायलॉन नळीतली लवचीक केबल घातली. मग ट्रान्समीटरमधले एंड पॉइंट, म्हणजे सर्व्होने दोन्ही टोकांना किती फिरायचं याची मर्यादा, कमी करत आणले, बॅरल आयडलला आल्यावरची गुणगुण थांबेपर्यंत. पेट्रोल इंजिन असतं तर इग्निशनपासून अंतर आणि कार्ब्युरेटरची स्प्रिंग, हेही बघावं लागलं असतं.

संध्याकाळी आयडल घड्याळासारखं लागलं. तिने दोन लँडिंग केली, दुसरं अगदी मध्यरेषेवर. पॅकिंगआधी मी फेलसेफ, म्हणजे रेडिओचा सिग्नल तुटला तर थ्रॉटल आपोआप खाली आणणारी सोय, तपासून घ्यायला लावला. प्रॉपेलर काढून, थ्रॉटल अर्ध्यावर ठेवून ट्रान्समीटर बंद केला आणि बॅरल आपोआप आयडलला गेला.