केमो संपली, आता पडून राहू नका

कॅन्सरचे उपचार संपले की घरचे म्हणतात, "आता पडून राहा, अंगात ताकद येऊ दे." माया खरी, सल्ला उलटा. हा थकवा झोपून जात नाही. पडून राहिल्याने मांड्यांचे स्नायू झडतात आणि दोन पायऱ्या चढतानाही दम लागतो.

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या तज्ज्ञगटाने 2019 मध्ये सांगितलेलं माप असं: आठवड्यातून तीनदा 30 मिनिटं मध्यम दमछाकीचा व्यायाम, दोनदा ताकदीचा. सुरुवात मात्र दहा मिनिटांच्या चालण्याने करा, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, इतकाच वेग. बरं वाटलं म्हणून एका दिवसात तासभर चालणारे पुढचे दोन दिवस अंथरुणात काढतात. घोळ बहुतेक इथेच होतो.

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर वाळूत अनवाणी चालायचा मोह टाळा. काही केमोंमुळे पावलं बधिर होतात. शिंपला रुतला तरी कळत नाही, मऊ वाळूत तोल जातो. बूट घाला, सपाट रस्ता धरा. पावसात शेवाळलेल्या चिऱ्यांवरून जाण्यापेक्षा घरातच फेऱ्या माराव्या.

ताकदीचा व्यायाम लोक हमखास टाळतात. हात न टेकता खुर्चीवरून उठा-बसा, आठ-दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा तेवढंच. मग भिंतीला हात टेकून पुशअप. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या बायका हाताला सूज येईल म्हणून कळशीही उचलत नाहीत. पण सूज असलेल्या बायकांना देखरेखीखाली उचलायचं वजन हळूहळू वाढवत नेलं, तेव्हा ती वाढली नाही, असं 2009 च्या एका अभ्यासात दिसलं. अर्धा लिटर पाण्याच्या बाटलीपासून सुरू करा; हात जड वाटला, बांगडी घट्ट झाली तर थांबून डॉक्टरांना दाखवा. ताप असेल, प्लेटलेट कमी असतील तर व्यायाम डॉक्टरांना विचारूनच. कॅन्सर हाडांत गेला असेल तर आधी फिजिओथेरपिस्ट गाठा.

नुसत्या पेजेवर स्नायू भरत नाहीत. मूत्रपिंडं ठीक असतील तर वजनाच्या दर किलोमागे 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 90 ग्रॅम. शंभर ग्रॅम बांगड्यात साधारण 20 ग्रॅम मिळतात. तेव्हा शीत (भात) कमी, नुस्तें (मासे) जास्त. शिवराक (शाकाहारी) असाल त्या दिवशी मूग आणि दही. आणि सर्दीवरचं औषध म्हणून घोटभर काजू फेणी? मद्य कॅन्सरला कारण ठरतं, मग ते घरच्या भट्टीचं का असेना.